मल्लांची पळवापळवी, कंपन्यांची दिलजमाई

गडचांदूर : प्रतिनिधी

डिसेंबर २०११ मध्ये पुण्याच्या बालेवाडी येथील क्रीडा संकुलात कुस्तीचा एक निराळाच फड रंगला. तेथे ना तांबडी माती होती, ना चांदीची गदा. होते ते दोरखंडांचे रिंगण, झगझगीत दिवे आणि कॅमेरे. 'रिंग का किंग' या मालिकेचे ते चित्रीकरण होते. अमेरिकेतील टीएनए ही कुस्ती कंपनी आणि एंडेमॉल इंडिया ही निर्मिती संस्था यांनी भागीदारीत काढलेल्या या मालिकेचे २६ भाग २८ जानेवारी २०१२ पासून 'कलर्स' वाहिनीवर दाखविण्यात आले. त्यानंतर तिचे दुसरे पर्व निघाले नाही. मात्र व्यावसायिक कुस्तीच्या धंद्यात मल्ल कसे फिरतात आणि कंपन्या कशा भांडतात व जुळवून घेतात, हे समजून घेण्यासाठी पुण्यातील हा प्रयोग आजही उपयोगी पडतो.

त्या रिंगणात उतरलेल्यांची नावेच पाहा. चावो गरेरो त्याच वर्षी डब्ल्यूडब्ल्यूई ही सर्वांत मोठी कंपनी सोडून आला होता. स्कॉट स्टायनर डब्ल्यूसीडब्ल्यू आणि डब्ल्यूडब्ल्यूई असा प्रवास करून टीएनएमध्ये स्थिरावला होता. पहिला विजेता ठरलेला मॅट मॉर्गनही पूर्वी डब्ल्यूडब्ल्यूईत होता. प्रतिस्पर्ध्याकडे घडलेला मल्ल आपल्याकडे वळविणे ही या धंद्याची जुनीच रीत आहे.

व्यावसायिक कुस्तीत लढतीचा निकाल आधीच ठरलेला असतो. तिकिटे आणि दूरचित्रवाणीचे हक्क यांवर पैसा उभा राहतो, आणि तो उभा राहतो मल्लाच्या लोकप्रियतेवर. त्यामुळे लोकप्रिय मल्ल फोडणे म्हणजे प्रतिस्पर्ध्याचे भांडवल पळविण्यासारखेच असते.

हद्दींचा करार ते सोमवारची लढाई

अमेरिकेत १९४८ मध्ये अनेक प्रवर्तकांनी 'नॅशनल रेसलिंग अलायन्स' ही संघटना स्थापन केली. प्रत्येकाने आपापल्या हद्दीत खेळ करावेत आणि सर्वांनी मिळून एकच जगज्जेता मानावा, असा हा समझोता होता. याच संघटनेचा जगज्जेता म्हणून नाव कमावलेला लू थेझ पुढे भारतातही आला. २९ मे १९६८ रोजी मुंबईत दारासिंगने त्याला हरविले.

हद्दींचा हा समझोता १९८० च्या दशकात मोडला. व्हिन्स मॅकमहोन यांनी आपली डब्ल्यूडब्ल्यूएफ, म्हणजे आजची डब्ल्यूडब्ल्यूई, देशव्यापी करण्यासाठी इतरांचे मल्ल ओढले. हल्क होगन हे त्यातले ठळक नाव. पुढे तोच डाव त्यांच्यावर उलटला. होगन १९९४ मध्ये प्रतिस्पर्धी डब्ल्यूसीडब्ल्यूत गेला. ४ सप्टेंबर १९९५ रोजी डब्ल्यूसीडब्ल्यूने सोमवारी रात्री नवा कार्यक्रम सुरू केला, तेव्हा आदल्या दिवसापर्यंत डब्ल्यूडब्ल्यूएफसाठी खेळणारा लेक्स लुगर अचानक तेथे अवतरला. १९९६ मध्ये स्कॉट हॉल आणि केव्हिन नॅश यांनीही तोच रस्ता धरला.

या चढाओढीत मल्लांचे मोल वाढले. मार्च २००१ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफने डब्ल्यूसीडब्ल्यू विकत घेतली आणि चित्र पालटले. जाण्यासाठी दुसरे मोठे दारच उरले नाही. जेफ जॅरेट आणि त्यांचे वडील जेरी यांनी टीएनए स्थापन केली ती २००२ मध्ये.

नाव कोणाचे?

कोल्हापूरच्या खासबागेत असो वा विदर्भातील एखाद्या गावच्या दंगलीत, मल्लाची ओळख त्याचे गाव, तालीम आणि वस्ताद यांवरून होते. तो दुसरीकडे खेळला तरी नाव त्याच्यासोबत जाते. व्यावसायिक कुस्तीत मात्र नाव, वेश आणि पात्र यांवर बहुधा कंपनीचा हक्क असतो. हॉल व नॅश गेल्यावर डब्ल्यूडब्ल्यूएफने आपल्या पात्रांची नक्कल झाल्याचा दावा न्यायालयात केला होता. डडली बंधू २००५ मध्ये टीएनएत गेले, ते 'टीम थ्रीडी' हे नाव घेऊन. डीन अँब्रोज २०१९ मध्ये नव्या एईडब्ल्यू कंपनीत दाखल झाला, तो जॉन मॉक्सली म्हणून.

करारांतील आणखी एक अट मल्लांना जाचक ठरते. डब्ल्यूडब्ल्यूईच्या मुख्य चमूतून मुक्त केलेल्या मल्लाला साधारणपणे ९० दिवस अन्यत्र खेळता येत नाही. त्यातच हे मल्ल कंपनीचे नोकर नव्हे, तर स्वतंत्र कंत्राटदार मानले जातात.

दिलजमाईचे नवे पर्व

अलीकडे पळवापळवीबरोबर सहकार्यही वाढले आहे. एईडब्ल्यू आणि जपानची न्यू जपान प्रो रेसलिंग यांनी २६ जून २०२२ रोजी शिकागो येथे संयुक्त कार्यक्रम केला. एकेकाळी डब्ल्यूडब्ल्यूईला आव्हान देणाऱ्या टीएनएने जानेवारी २०२५ मध्ये तिच्याशीच अनेक वर्षांचा करार केला. त्याच वर्षी मे महिन्यात डब्ल्यूडब्ल्यूईचा ट्रिक विल्यम्स चक्क टीएनएचा जगज्जेता झाला. अशा सहकार्यामुळे मल्लाला नवे प्रेक्षक मिळतात. मात्र कोणाला कोठे पाठवायचे, हा निर्णय कंपन्यांचाच असतो.

आपल्या मल्लांचे काय?

पुण्यातील मालिकेचा अखेरचा विजेता होता महाबली वीरा. मालिका संपल्यावर देशात त्याच तोडीची दुसरी कंपनी नव्हती. तो महाबली शेरा या नावाने अमेरिकेत टीएनएत खेळला, २०१८ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईत गेला आणि २०१९ मध्ये जुन्या कंपनीत परतला. याच मालिकेत दुहेरीचे विजेतेपद मिळविणारे कॅनडातील 'बॉलीवुड बॉइज' पुढे डब्ल्यूडब्ल्यूईत 'सिंग ब्रदर्स' झाले. २०१७ मध्ये ते जगज्जेत्या जिंदर महालचे साथीदार म्हणून वावरले. २०२१ मध्ये कंपनीने मुक्त केल्यावर ते जुन्या नावाकडे वळले.

येथेच आपल्या मल्लांची खरी अडचण आहे. प्रतिस्पर्धी असेल तरच मल्लाला घासाघीस करता येते. भारतात टिकाऊ अशी एकही मोठी कंपनी उभी राहिली नाही. परिणामी, येथील होतकरूंना परदेशी कंपनीच्या निवड चाचणीची वाट पाहावी लागते. मार्च २०१९ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईने मुंबईत अशी चाचणी घेतली होती. तालमीतील ज्या तरुणाला हा मार्ग खुणावतो, त्याने सही करण्यापूर्वी काही बाबी जाणकार वकिलाकडून तपासून घ्याव्यात. करार किती वर्षांचा आहे? दुखापतीचा खर्च कोण उचलणार? मुक्त झाल्यावर किती दिवस थांबावे लागेल? आणि ज्या नावाने आपण ओळखले जाणार, ते नाव अखेर कोणाचे राहणार? कंपन्यांची भांडणे मिटतात, करारही नव्याने होतात. मल्लाची उमेदीची वर्षे मात्र मोजकीच असतात.