गिटारची मींड

१ मार्च १९४० रोजी आकाशवाणीने पेटीला आपल्या कार्यक्रमांतून निरोप दिला. पेटी विदेशी आहे, तिचे सूर बांधलेले आहेत, आणि एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता जाणे तिला साधत नाही, असे आक्षेप होते. त्यांतला शेवटचा आक्षेप खरा आहे, हे पेटीवर प्रेम करणाऱ्यालाही मान्य करावे लागते. तरीही गोविंदराव टेंब्यांसारख्या वादकांनी जिला प्रतिष्ठा दिली, तिने तीस-एकतीस वर्षे दाराबाहेर उभे राहावे, हे मला कधी पटले नाही. १९७१ मध्ये ही बंदी शिथिल झाली.

याच काळात दुसरे एक विदेशी वाद्य मात्र रागसंगीताच्या मैफलीत येऊन बसले. ते वाद्य म्हणजे गिटार.

गिटारच्या मानेवर धातूच्या पट्ट्या बसवलेल्या असतात. त्यामुळे स्पॅनिश पद्धतीने वाजविताना सूर पायरीपायरीने उमटतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हवाई बेटांवर वादकांनी निराळी युक्ती काढली. वाद्य मांडीवर आडवे घ्यायचे आणि तारेवरून पोलादी कांडी सरकवायची. जोसेफ केकुकू याला या पद्धतीचे श्रेय देतात. पट्टी नुसती खूण म्हणून उरली आणि सूर मोकळा झाला. ही युक्ती आपल्याला सर्वस्वी नवी नव्हती. विचित्रवीणेवर काचेचा गोळा असाच फिरतो, दक्षिणेत गोट्टुवाद्यावर लाकडी तुकडा फिरतो. तेव्हा हवाई गिटार आपल्याकडे आली, ती काहीशी ओळखीच्या घरी आल्यासारखी.

परंतु बहुतेक वादक तिच्यावर चित्रपटगीते वाजवीत. जोधपूरच्या ब्रिजभूषण काब्रा (१९३७–२०१८) यांनी तिच्यावर राग मांडण्याचा ध्यास घेतला. त्यांचे गुरू अली अकबर खाँ, म्हणजे मैहरच्या अलाउद्दीन खाँसाहेबांचे पुत्र. सरोदाला पट्ट्या नसतात, मींड हा त्याचा प्राण असतो. सरोदियाकडून शिकलेल्या हाताने पोलादी कांडी धरली, हा योग मला मोठा मोलाचा वाटतो.

१९६७ साली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका निघाली. काश्मिरी मेंढपाळाचा एक दिवस तीत सुरांनी सांगितला आहे. अहिरभैरव आणि नटभैरवाने पहाट उगवते, पुढे पिलू, भूप, देस आणि शेवटी पहाडी. गिटारवर काब्रा, संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया; तबल्यावर आपले माणिकराव पोपटकर. ती घडवून आणणारे हिज मास्टर्स व्हॉइसचे जी. एन. जोशी. ना. घ. देशपांड्यांची ‘शीळ’ गाऊन मराठी भावगीताच्या ध्वनिमुद्रिकेला वाट करून देणारे तेच हे जोशी! वऱ्हाड, नागपूर आणि आमचे रायपूर तेव्हा एकाच प्रांतात होते, म्हणून हा अभिमान थोडा आमच्याही वाट्याला यावा.

या ध्वनिमुद्रिकेत संतूरही नवागतच होते. काश्मीरच्या सूफियाना संगीतातून आलेल्या या वाद्याला तर मींड मुळीच नाही; तारेवर लाकडी कलम आपटून सूर उमटतो. शिवकुमारांनी अखंडतेचा आभास लांबलेल्या नादातून निर्माण केला. मग पेटीनेच काय अपराध केला होता? संतूर काश्मीरचे, पेटी युरोपची, एवढाच भेद म्हणावा, तर गिटार कुठली? आणि व्हायोलिन? ते तर दक्षिणेत देवघरापर्यंत पोहोचले आहे.

रायपूरच्या मराठी घरांतून ती तबकडी ऐकताना कोपऱ्यात पेटी झाकून ठेवलेली असे. भूप संपला की कोणीतरी तिच्यावरचे कापड काढी आणि गिटारने घेतलेली ती जागा पट्ट्यांवर शोधू लागे.