खोकल्यावाचून आलेला क्षय

यंदाच्या स्मरणिकेसाठी इतिहासावर चार ओळी लिहाव्यात असा भगिनींचा आग्रह झाला, तेव्हा राजेरजवाड्यांऐवजी मला माझ्या थोरल्या जाऊबाईच आठवल्या. १९८० च्या सुमारास, इथे वरकुट्यात, त्यांना वरचेवर उन्हाळी लागे. धण्याजिऱ्याचे पाणी झाले, इंजेक्शने झाली. चार दिवस बरे वाटे आणि पुन्हा तेच. लग्नाला नऊ वर्षे होऊन कूस उजवली नव्हती. ओटी भरताना बायका त्यांना टाळून पुढे जात. खोकला नव्हता, म्हणून क्षयाची शंका कुणाच्या मनालाही शिवली नाही.

वास्तविक वैद्यकाला ही गोष्ट नवी नव्हती. इटलीतील मोर्गाग्नी यांनी १७४४ साली एका तरुणीच्या शवविच्छेदनात तिच्या जननेंद्रियांतही क्षय पोचल्याचे पाहिले होते. १८८२ साली कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधला. पण औषध नव्हते. १८८६ साली डॉक्टर झालेल्या आपल्या आनंदीबाई जोशी पुढच्याच वर्षी पुण्यात याच रोगाने गेल्या, वयाच्या बाविसाव्या वर्षी. स्ट्रेप्टोमायसिन सापडले ते १९४३ साली. पुढे १९५९ मध्ये मद्रासच्या केंद्राने दाखवून दिले, की घरी राहून घेतलेले औषधही आरोग्यधामातील उपचाराइतकेच गुणकारी ठरते. ज्या बाईला चूल सोडून जाता येत नाही, तिच्यावर हे केवढे उपकार झाले!

हा जंतू फुप्फुसातून रक्तावाटे मूत्रपिंडात किंवा गर्भनलिकांत जातो आणि कित्येक वर्षे निपचित पडून राहतो. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी जाऊबाईंचे जुने कागद पाहिले. लघवीत पू दर वेळी होता, पण नेहमीच्या तपासणीत जंतू वाढत नव्हता. त्यांना खूण पटली. लागोपाठ तीन दिवस पहाटेची लघवी त्यांनी तपासणीला पाठविली. हा जंतू फार सावकाश वाढतो, म्हणून निकालाला दीड महिना लागला. निदान क्षयाचे निघाले.

कित्येक महिने गोळ्या घेतल्यावर उन्हाळी गेली. मूल मात्र झाले नाही; व्रण धरून बंद झालेल्या नलिका औषधाने सहसा उघडत नाहीत. पण दोष नशिबाचा नसून जंतूचा, हे घराला कळले. त्या संक्रांतीला सासूबाईंनी स्वतः त्यांची ओटी भरली.

भगिनींनो, पाळी अंगावरून कमी जाऊ लागणे किंवा बंद होणे, ओटीपोटात सतत दुखणे, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसणे, ही या रोगाची लक्षणे असू शकतात. पोटात पाणी होऊन अंडाशयाच्या कर्करोगाचा भास झाला आणि निघाला क्षय, असेही घडते. गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा किंवा दुर्बिणीची तपासणी यांनी निदानाला मदत होते. जंतू थोडे असल्याने एका तपासणीत काही आढळले नाही, म्हणून निर्धास्त होऊ नये. आता काही तासांत निकाल देणारी यंत्रे आली आहेत, औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते आणि आहारासाठी २०१८ पासून मिळणारे दरमहा ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले आहेत.

तेव्हा एखादीला वांझ म्हणण्यापूर्वी तिला दवाखान्यात न्यावे, एवढीच विनंती.