आलेख खाली आला, पण मुलाला विचारलं का?

१९६०च्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात साडेतीन वर्षांचा एक मुलगा होता. शोधनिबंधात त्याचं नाव ‘डिकी’. मोतीबिंदूमुळे त्याच्या डोळ्यांतली भिंगं काढावी लागली होती. चष्मा लावला नाही तर नजर कायमची जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. डिकी मात्र चष्मा डोळ्यांजवळही आणू देत नव्हता.

मॉन्ट्रोज वुल्फ हा तरुण मानसशास्त्रज्ञ आणि त्याचे सहकारी कामाला लागले. आधी डिकीच्या हातात नुसत्या रिकाम्या फ्रेम दिल्या. फ्रेम उचलली की गोळीचा तुकडा नाहीतर फळाची फोड. डोळ्यांजवळ नेली की आणखी एक. प्रगती फार हळू होती, म्हणून पुढे नाश्त्याचे घासही बक्षीस म्हणून मिळू लागले. चष्मा फेकला की दहा मिनिटं खोलीत एकटं. शेवटी डिकी दिवसाचे बारा-बारा तास चष्मा लावू लागला. १९६४ साली हा निबंध छापून आला. वागण्यानंतर काय घडतं ते बदललं की वागणं बदलतं, हे प्रयोगशाळेतलं तत्त्व एका मुलाची नजर वाचवायला उपयोगी पडलं होतं. याच वाटेवर पुढे जी शाखा उभी राहिली, तिचं नाव ‘अप्लाइड बिहेविअर अ‍ॅनालिसिस’, म्हणजे एबीए. ऑटिस्टिक मुलांसाठी आज पुण्या-मुंबईतही ही थेरपी मिळते.

पुढच्याच वर्षीची, १९६५ची गोष्ट. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात ओ. इव्हार लोव्हास यांनी पाच वर्षांच्या जुळ्या ऑटिस्टिक मुलांवर प्रयोग केला. खोलीच्या जमिनीवर धातूच्या पट्ट्या बसवलेल्या. मुलगा अनवाणी मध्ये उभा. समोरचा माणूस म्हणणार, “इकडे ये.” मूल गेलं नाही तर पायांना विजेचा झटका, माणसाकडे गेलं की झटका बंद. मुलं माणसांकडे जायला शिकली आणि तो परिणाम पुढे कित्येक महिने टिकला. त्याच वर्षी ‘लाइफ’ मासिकाने लोव्हास यांच्या कामावर सचित्र लेख छापला. ओरडणं, थपडा आणि प्रेम, तिन्ही त्याच्या मथळ्यातच होतं.

या दोन निबंधांतले आलेख शेजारी शेजारी ठेवा. दोन्हींत हवं ते वागणं वाढलेलं दिसतं. कुठल्या आलेखामागे रिकामी फ्रेम आहे आणि कुठल्यामागे विजेची तार, हे नुसत्या रेषेवरून ओळखता येणार नाही.

मी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्याकडे डॅशबोर्डवरचा आकडा वर गेला की फीचर चाललं असं समजतात. लोक ते बटण खुशीने दाबतायत की वैतागून, हे आकड्यात दिसत नाही. त्यासाठी कुणालातरी फोन उचलून विचारावं लागतं, आणि तो फोन करायचा बहुतेक वेळा राहून जातो. म्हणूनच या इतिहासातला पुढचा टप्पा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

१९६८ साली एबीएचं स्वतःचं नियतकालिक निघालं आणि वुल्फ त्याचे पहिले संपादक झाले. समाजाच्या दृष्टीने महत्त्वाच्या प्रश्नांवर काम करायचं, असं या शाखेने ठरवलं होतं. पण महत्त्वाचं काय, हे कोण ठरवणार? दहा वर्षांनी, १९७८ मध्ये, वुल्फनी त्याच नियतकालिकात उत्तर दिलं. एबीएला आपलं हृदय कसं सापडतंय, असा अर्थ होणारे शब्द त्या लेखाच्या शीर्षकातच होते. जे मोजता येतं त्यावरच विश्वास ठेवायचा, अशा शिस्तीत वाढलेल्या माणसाने माणसांचं मत विचारायला सांगितलं. तपासायच्या गोष्टी तीन. ठरवलेलं ध्येय खरंच हवंय का? पद्धत स्वीकारण्याजोगी आहे का? झालेल्या बदलावर ती माणसं समाधानी आहेत का?

हे त्यांना अनुभवातून उमगलं होतं. कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावी ‘अचीव्हमेंट प्लेस’ हे घर होतं. कायद्याच्या कचाट्यात सापडलेली किशोरवयीन मुलं तिथे एका जोडप्याबरोबर राहायची. वुल्फ यांच्या गटाने अशा मुलांनाच विचारलं, की तुम्हाला सांभाळणाऱ्या मोठ्यांचं कसं वागणं आवडतं? मदत करणं, शांत आवाजात बोलणं, का ते समजावून सांगणं, थट्टामस्करी, न्यायाने वागणं, अशी उत्तरं आली. नावडत्या यादीत ओरडणं होतं, दोष देणं होतं आणि बोलूच न देणंही होतं. मग सांभाळणाऱ्यांना या आवडत्या गोष्टींचं प्रशिक्षण दिलं गेलं.

वुल्फ यांचे तीन प्रश्न घेऊन मागे पाहिलं की बरंच काही दिसतं. जुळ्यांचा प्रयोग दुसऱ्या प्रश्नाशीच अडतो. १९७४ मध्ये रेकर्स आणि लोव्हास यांनी जेमतेम पाच वर्षांच्या एका मुलाचं ‘बायकी’ वागणं कमी केल्याचा निबंध लिहिला. मुलगा बाहुल्यांशी खेळायला लागला की आईने त्याच्याकडे पाहायचंच नाही, असं तंत्र होतं. इथे ध्येयच चुकलेलं होतं. ज्या नियतकालिकात तो छापला, त्याच्या संपादकांनी त्याबद्दल जाहीर चिंता व्यक्त केली, पण ती २०२० साली. आणि डिकी? ध्येय निर्विवाद. पण नाश्त्याचे घास रोखणं आणि खोलीत एकटं ठेवणं आजच्या संवेदनशील थेरपिस्टला खटकेल.

शास्त्रही पुढे सरकलं. १९८२ मध्ये ब्रायन इवाटा आणि सहकाऱ्यांनी स्वतःला इजा करून घेणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. ते वागणं थांबवण्याआधी ते कशासाठी होतंय, हे त्यांनी तपासलं. कुणाला लक्ष हवं होतं, कुणाला कामातून सुटका. १९८५ मध्ये कार आणि ड्युरँड यांनी मुलांना मदत किंवा लक्ष मागायला शिकवलं, तेव्हा त्रासदायक वागणं कमी झालं. डोकं आपटणं हेही काहीतरी सांगणं असू शकतं, हे आता आकड्यांनीच दाखवलं होतं.

तरी सगळे बदलले नाहीत. मॅसॅच्युसेट्समध्ये स्किनर यांच्या एका विद्यार्थ्याने १९७१ मध्ये सुरू केलेल्या संस्थेत, अंगावर बांधलेल्या यंत्रातून झटके देणं एकविसाव्या शतकातही चालू राहिलं. अमेरिकेच्या एफडीएने २०२० मध्ये त्या यंत्रावर बंदी घातली, २०२१ मध्ये न्यायालयाने ती उठवली. वर्तन विश्लेषकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने अशा झटक्यांविरुद्ध अधिकृत भूमिका घेतली ती २०२२ मध्ये, जुळ्यांच्या प्रयोगानंतर ५७ वर्षांनी.

या काळात ऑटिस्टिक माणसं स्वतः बोलू लागली होती. १९९३ मध्ये जिम सिंक्लेअर यांनी पालकांना सांगितलं, की आमच्यासाठी शोक करू नका. लहानपणी थेरपी घेतलेले काही जण मोठेपणी सांगू लागले, की हात हलवणं थांबवायला आणि डोळ्याला डोळा भिडवायला शिकवलं, पण त्यामुळे आतून काय होत होतं ते कुणी विचारलं नाही. २०२२ पासून लागू झालेल्या, प्रमाणित वर्तन विश्लेषकांच्या आचारसंहितेत करुणा, प्रतिष्ठा आणि आदर हे शब्द मूलतत्त्वांत आले. पालकांच्या संमतीबरोबर, शक्य तिथे मुलाचा होकारही घ्यावा, असं त्यात म्हटलं आहे.

बोलता न येणाऱ्या मुलाचा होकार कसा घ्यायचा? ते खोलीत आपणहून येतं की ओढून आणावं लागतं, हे पाहून. तोंड फिरवलं तर थांबून. दार उघडं ठेवून. उद्या तुमच्या ओळखीतलं कुणी आपल्या मुलासाठी थेरपी सेंटर शोधत असेल, तर त्यांना प्रगतीचा आलेख जरूर बघायला सांगा. आणि एक प्रश्नही विचारायला सांगा: “आमचं मूल नको म्हणालं, तर तुम्ही काय करता?”