अल्पखर्ची भयपटाचे वैभव : रामसे बंधूंच्या निर्मितीपद्धतीचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना :
हिंदी चित्रपटाच्या इतिहासलेखनात रामसे बंधूंचा उल्लेख बहुधा उपहासानेच केला जातो. कथानकाचा ठिसूळपणा, अभिनयातील ढोबळपणा हे त्यांच्यावरील आक्षेप निराधार नाहीत. मात्र त्यामुळे तुटपुंज्या भांडवलातून निर्माण झालेले हे चित्रपट पडद्यावर संपन्न कसे भासत, हा प्रश्न दुर्लक्षित राहिला. प्रस्तुत लेखात प्रामुख्याने ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२) या चित्रपटाच्या आधारे त्याचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी :
फाळणीनंतर कराचीहून मुंबईत आलेले एफ. यू. रामसे हे मूळचे रेडिओविक्रेते. त्यांची निर्मिती असलेला ‘रुस्तम सोहराब’ (१९६३) हा पोशाखी चित्रपट ‘रणांगण’कार विश्राम बेडेकर यांनी दिग्दर्शित केला होता. बेडेकरांनीच दिग्दर्शित केलेला ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ (१९७०) अपयशी ठरला. तथापि, त्यातील मुखवटाधारी पृथ्वीराज कपूर यांच्या चोरीच्या प्रसंगाला प्रेक्षक दाद देत असल्याचे रामसे यांच्या मुलांनी हेरले. भयपटाकडे वळण्याचा निर्णय या निरीक्षणातून झाला.

निर्मितीपद्धती :
‘दो गज जमीन के नीचे’चे चित्रीकरण महाबळेश्वर येथे झाले. कुटुंबीय व तंत्रज्ञ तेथील शासकीय विश्रामगृहात मुक्कामाला होते. सुमारे ४० दिवस आणि साडेतीन लाख रुपये हे आकडे रामसे बंधूंच्या उत्तरकालीन मुलाखतींतून येतात. ते हिशेबवहीतील नसल्याने अंदाज म्हणूनच स्वीकारावे लागतात. जुनी वास्तू, दाट झाडी आणि धुके यांमुळे नेपथ्यावरील मोठा खर्च वाचला. रात्रीच्या दृश्यांत प्रकाश पडेल तेवढाच भाग सजवावा लागे. उरलेल्या वास्तूची भव्यता प्रेक्षक मनाने पूर्ण करी. पुढे ‘पुराना मंदिर’ (१९८४) मध्ये अजय अग्रवाल यांची असाधारण उंची व चेहरेपट्टी हीच ‘सामरी’ या राक्षसाची अर्धी रंगभूषा ठरली.

हा मार्ग सर्वस्वी नवा नव्हता. अमेरिकेतील आर.के.ओ. स्टुडिओच्या ‘कॅट पीपल’ (१९४२) मध्ये निर्माते व्हॅल ल्यूटन यांनी ‘द मॅग्निफिसंट अँबरसन्स’साठी उभारलेला जिना पुन्हा वापरला आणि हिंस्र श्वापद बहुतांशी सावलीत ठेवले. परंतु ल्यूटन यांच्या पाठीशी स्टुडिओचे तयार नेपथ्य व पगारी कारागीर होते. रामसे यांना वास्तू बाहेरून मिळवावी लागली आणि कारागीर घरातून. कुमार यांच्याकडे पटकथा, गंगू यांच्याकडे छायाचित्रण, किरण यांच्याकडे ध्वनी, अर्जुन यांच्याकडे संकलन, केशू यांच्याकडे निर्मितीव्यवस्था आणि तुलसी व श्याम यांच्याकडे दिग्दर्शन, अशी सात भावांची कामे वाटलेली होती.

समारोप :
या चित्रपटांचे वैभव केवळ युक्तीतून आलेले नव्हते. ज्या कामांसाठी अन्य निर्मात्यास बाहेरचे तंत्रज्ञ नेमून मेहनताना द्यावा लागला असता, ती घरच्यांनी केली. म्हणजे खर्च टळला नाही. त्याची नोंद तेवढी टळली. अल्पखर्ची चित्रपटाचा इतिहास निव्वळ अंदाजपत्रकावरून लिहिल्यास हे श्रम अदृश्य राहतात. रामसेपटांचे कलात्मक मूल्य काहीही ठरो, त्यांच्या निर्मितीचा हिशेब मांडताना घरातील या श्रमांना स्थान द्यावेच लागेल.