गहाळ डिपेन्डन्सी (लिनक्स)

गहाळ डिपेन्डन्सी : लिनक्सवर एखादे सॉफ्टवेअर सोर्स कोडवरून कंपाइल करताना त्याला लागणारी लायब्ररी, हेडर फाइल किंवा साधन संगणकावर न सापडल्यामुळे उद्भवणारी अडचण. बहुतेकदा बिल्ड मध्येच थांबतो आणि पडद्यावर एरर येते. काही वेळा मात्र बिल्ड विनातक्रार पूर्ण होतो आणि उणीव पुढे वापरताना उघडी पडते. हा दुसरा प्रकार जास्त नुकसान करतो, कारण तोवर मूळ कारणाचा माग पुसट झालेला असतो.

लिनक्सवरचे सॉफ्टवेअर सहसा एकमेकांच्या आधारावर उभे असते. दाबून ठेवलेला डेटा उलगडण्यासाठी झेडलिब, सुरक्षित जोडणीसाठी ओपनएसएसएल, अक्षरे रेखाटण्यासाठी फ्रीटाइप अशा सामाईक लायब्रऱ्या शेकडो प्रोग्रॅम वापरतात. डेबियन, उबुंटू, फेडोरा यांसारखी वितरणे अशा लायब्ररीची दोन पॅकेजे करतात. पहिल्यात प्रोग्रॅम चालवण्यापुरती फाइल असते. दुसऱ्यात कंपाइलरला लागणाऱ्या हेडर फाइल, लिंकर शोधतो ती आवृत्तीचा आकडा नसलेली डॉट-एसओ लिंक आणि लायब्ररीचा ठावठिकाणा सांगणाऱ्या पीकेजी-कॉन्फिग या साधनाची डॉट-पीसी फाइल असते. नुसता प्रोग्रॅम वापरणाऱ्याला हेडरची गरज नसते, म्हणून ही विभागणी. ‘झेडलिब तर मशीनवर आहे, मग सापडत का नाही?’ हा नवख्याचा नेहमीचा प्रश्न इथूनच येतो. झेडलिब खरोखरच असते. नसते ते तिचे दुसरे पॅकेज. डेबियनवर त्याचे नाव ‘झेडलिब१जी-डेव्ह’, फेडोरावर ते ‘झेडलिब-डेव्हेल’ या नावाने मागता येते. आर्च लिनक्समध्ये हेडर मूळ पॅकेजातच येतात, त्यामुळे तिथे ही तक्रार कमी आढळते.

एरर कुठे येते : एरर कोणत्या टप्प्यावर आली हे कळले की काय गहाळ आहे याचा अर्धा उलगडा होतो. सॉफ्टवेअर ऑटोकॉन्फवर (सुरुवात १९९१) आधारलेले असेल तर पहिला टप्पा ‘कॉन्फिगर’ या स्क्रिप्टचा. ही स्क्रिप्ट लहान लहान सी प्रोग्रॅम लिहून ते कंपाइल होतात का ते पाहते आणि त्यावरून लायब्ररी आहे की नाही ठरवते. पडद्यावर ‘नॉट फाउंड’ एवढीच ओळ दिसते. खरी हकिगत त्याच फोल्डरमधल्या ‘कॉन्फिग डॉट लॉग’ फाइलमध्ये असते. ती उघडून पाहण्याचा कंटाळा करू नये. लायब्ररी जागेवर असूनही चाचणीचा प्रोग्रॅम भलत्याच कारणाने अडलेला असू शकतो: सी++ कंपाइलर बसवलेला नसतो, किंवा त्या लायब्ररीला स्वतःला हवी असलेली आणखी एक लायब्ररी नसते. लॉगमध्ये तो प्रोग्रॅम, त्यावर चालवलेली आज्ञा आणि कंपाइलरची मूळ तक्रार तिन्ही जशीच्या तशी सापडतात.

पीकेजी-कॉन्फिग ‘नो पॅकेज फाउंड’ म्हणते तेव्हा तिला संबंधित डॉट-पीसी फाइल मिळालेली नसते, एवढाच त्याचा अर्थ. लायब्ररी नेहमीच्या जागेऐवजी दुसरीकडे बसवली असेल, तर तिथला डॉट-पीसी फाइलींचा पत्ता ‘पीकेजी कॉन्फिग पाथ’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये द्यावा लागतो.

कॉन्फिगरनंतर प्रत्यक्ष कंपाइल करवून घेणारे ‘मेक’ चालू असताना एखाद्या डॉट-एच फाइलचे नाव आणि पुढे ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ असे आले, तर हेडर नाही. ‘कॅनॉट फाइंड’च्या पुढे वजा चिन्ह, एल आणि लायब्ररीचे नाव आले, तर लिंकरला लायब्ररी मिळालेली नाही. ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ ही मात्र निराळी तक्रार आहे. इथे हेडर मिळालेला असतो, पण लिंक करण्याच्या आज्ञेत लायब्ररीचे नाव राहून गेलेले असते, मागेपुढे झालेले असते किंवा बसवलेली आवृत्ती जुनी असते. स्टॅटिक लायब्ररी असेल तर लिंकर नावे डावीकडून उजवीकडे वाचत जातो, म्हणून ती वापरणाऱ्या ऑब्जेक्ट फाइलींनंतर लिहावी लागते. या एररवर डेव्ह पॅकेज पुन्हा पुन्हा बसवण्यात वेळ घालवू नये.

एकाच वेळी अनेक कामे चालवून ‘मेक’ केले की पहिली एरर बरीच वर सरकून जाते. तळाची ‘एरर २’ ही ओळ फक्त ‘मेक’ने हात टेकल्याचे सांगते, कारण वर शोधायचे. ते सापडेना तर एका वेळी एकच काम ठेवून ‘मेक’ पुन्हा चालवावे.

बिल्ड होऊन प्रोग्रॅम सुरू करताना ‘एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज’ आले, तर कंपाइलरचा काही दोष नाही. लायब्ररी यूएसआर-लोकल फोल्डरात बसली आहे आणि लोडरला अजून तिचा पत्ता नाही, असे बऱ्याचदा असते. रूट अधिकाराने ‘एलडीकॉन्फिग’ चालवले की बहुधा काम होते. कोणती लायब्ररी सापडत नाही ते ‘एलडीडी’ दाखवते.

पॅकेजचे नाव शोधणे : एरर फाइलचे नाव सांगते, बसवायचे असते पॅकेज. डेबियन-उबुंटूवर ‘ॲप्ट-फाइल सर्च’ आणि फेडोरावर ‘डीएनएफ प्रोव्हाइड्स’ फाइलच्या नावावरून पॅकेज शोधून देतात. तेच सॉफ्टवेअर वितरणात आधीपासून असेल तर ‘ॲप्ट बिल्ड-डेप’ किंवा ‘डीएनएफ बिल्डडेप’ त्याच्या बिल्डला लागणारे सगळे एकदम बसवतात. पहिल्या आज्ञेसाठी डेबियनच्या सोर्स पॅकेजांची यादी चालू केलेली असावी लागते. हाच रस्ता आधी धरावा. पॅकेज बसवल्यावर पुन्हा कॉन्फिगर करणे आवश्यक असते. कॉन्फिगर स्क्रिप्टऐवजी काही सॉफ्टवेअर वापरतात ते सीमेक हे साधन आपल्या कॅश फाइलमध्ये ‘सापडले नाही’ ही जुनी नोंद जपून ठेवू शकते; म्हणून तिथे बिल्डचा फोल्डर रिकामा करून नव्याने सुरुवात केलेली बरी.

लायब्ररी आहे पण जुनी आहे, असेही होते. अशा वेळी वितरणाची स्वतःची लायब्ररी हलवू नये. नवी आवृत्ती वेगळ्या फोल्डरात बसवून बिल्डला तिचा पत्ता द्यावा. ओपनएसएसएल ३ च्या फाइलला १.१ चे नाव देणारी लिंक करून वेळ मारून नेण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. तो धोक्याचा आहे. लायब्ररीच्या नावातला तो आकडा जुन्या प्रोग्रॅमशी सुसंगती तुटली की बदलला जातो. चुकीच्या लिंकवर प्रोग्रॅम सुरू झालाच, तरी तो पुढे कुठे कोसळेल याचा भरवसा नसतो.

न बोलता राहणारी उणीव : पायथन हे याचे ठळक उदाहरण. पायथनची अनेक मॉड्यूल ऐच्छिक असतात. लायब्ररी नसली तरी ‘मेक’ पूर्ण होते आणि शेवटी न बनलेल्या मॉड्यूलची यादी छापते: बीझेड२, एलझेडएमए, एसक्यूलाइट, सीटाइप्स, एसएसएल. ही यादी नजरेतून सुटली की पुढे पायथनची पॅकेजे बसवणारे पिप एसएसएल मॉड्यूल नसल्याचे सांगून पॅकेज उतरवायला नकार देते, आणि दोष नेटवर्कचा वाटतो. २०२१ मध्ये आलेल्या पायथन ३.१० ला ओपनएसएसएल १.१.१ किंवा त्यापुढची आवृत्ती लागते. सेंटओएस ७ वर १.०.२ होती. त्यामुळे तिथे ‘ओपनएसएसएल-डेव्हेल’ रीतसर बसवूनही एसएसएल मॉड्यूल बनत नसे. नवी ओपनएसएसएल वेगळी बसवून कॉन्फिगरला तिचा पत्ता देणे हा त्यावरचा उपाय.

मराठी मजकुराशी काम करणाऱ्यांना याच प्रकारातली आणखी एक गोष्ट माहीत हवी. चित्रावर अक्षरे उमटवणाऱ्या पिलो आणि इमेजमॅजिक या दोन्हींना देवनागरी नीट जुळवण्यासाठी राक्म ही लायब्ररी लागते; ती अक्षरांची जुळणी हार्फबझकडून करून घेते. राक्म ऐच्छिक आहे. ती नसताना पिलो सोर्सवरून बनवले तर बिल्ड यशस्वी होतो, इंग्रजी मजकूर ठीक उमटतो. ‘स्थिती’ लिहिले की मात्र स च्या पायाशी हलन्त उघडा राहतो आणि पहिली वेलांटी थ च्या उजवीकडे जाऊन बसते. पाहणारा फॉन्टला दोष देतो, चार फॉन्ट बदलून पाहतो, आणि चारही तसेच उमटतात. पिलोचा बिल्ड संपताना छापला जाणारा गोषवारा राक्म मिळाली की नाही ते सांगतो. बसवलेल्या पिलोला ‘फीचर्स’ मॉड्यूलमधून विचारता येते. इमेजमॅजिकमध्ये आवृत्ती विचारली की ‘डेलिगेट्स’च्या ओळीत राक्मचे नाव दिसायला हवे. ते नसेल तर डेबियनवर ‘लिबराक्म-डेव्ह’ बसवून कॉन्फिगरपासून पुन्हा बिल्ड करावा.