कथेपुढची कथा

वाङ्मयाचा इतिहास बहुधा लेखकांचा इतिहास असतो. ग्रंथ कोणी लिहिला, केव्हा लिहिला, कोणत्या छापखान्यात छापला, याच्या नोंदी आपण जपून ठेवतो. वाचकाने पुस्तक मिटल्यावर काय केले, याची नोंद सहसा कुणी ठेवीत नाही. परंतु पुस्तक मिटल्याबरोबर कथा संपते असे थोडेच आहे? आवडलेली कथा वाचक दुसऱ्याला सांगतो. सांगताना एखादा प्रसंग रंगवतो, एखादी राहून गेलेली जागा भरून काढतो. एखाद्या पात्राला लेखकाने दिले नाही ते सुख आपल्या पदरचे देऊन टाकतो. अशा या वाचकांच्या निर्मितीचा थोडा मागोवा घेण्याचा येथे विचार आहे.

या विचाराला निमित्त घडले ते आजच्या मुलांचे. पनवेल तालुक्यातील आमच्या विचुंबे गावाभोवती गेल्या काही वर्षांत इमारती उभ्या राहिल्या आणि नाना ठिकाणांहून आलेली कुटुंबे येथे स्थिरावली. त्यांची मुले हॅरी पॉटरच्या किंवा टॉल्किनच्या कादंबऱ्या वाचतात, आणि नुसती वाचून थांबत नाहीत. वह्यांच्या मागच्या पानांवर त्या जगाचे नकाशे काढतात, लेखकाने न लिहिलेली प्रकरणे लिहितात, अमुक पात्र खरे कोण असावे याच्या उपपत्ती मांडून मित्रमैत्रिणींशी तासन्‌तास वाद घालतात. ते पाहून आईवडील चिंतेत पडतात. ‘फादर, हे जादूचे वेड बरे का? अभ्यास सोडून दुसऱ्याच्या गोष्टींना शेपट्या जोडण्यात काय अर्थ?’ असे विचारतात. प्रश्न रास्त आहे. मात्र तो आजचा नाही, निदान पाचशे वर्षांचा जुना आहे.

सोळाव्या शतकातील स्पेनमध्ये घोडेस्वार वीरांच्या अद्भुत कादंबऱ्यांनी लोकांना वेड लावले होते. राक्षस, मायावी चेटकिणी, मंतरलेली बेटे आणि एकनिष्ठ प्रेम यांनी त्या भरलेल्या असत. त्यांत अग्रगण्य म्हणजे ‘आमादिस दे गाउला’. तिची ज्ञात असलेली सर्वांत जुनी छापील आवृत्ती १५०८ ची आहे. मोंताल्वो या तिच्या संपादकाने जुन्या कथेत स्वतःची भर घातली आणि पुढे आमादिसच्या मुलाची कथाही लिहिली. मग दुसरे लेखक पुढे सरसावले. नातू, पणतू जन्माला आले आणि एका कथेची मालिकाच झाली. कॅलिफोर्निया हे नावही मोंताल्वोच्या त्या उत्तरकथेतील एका काल्पनिक बेटाचे आहे.

आविला नगरीत अशा कादंबऱ्या वाचणारी एक मुलगी होती. तिच्या आईला त्यांचा नाद होता आणि वडिलांना त्या मुळीच आवडत नसत; म्हणून मायलेकी त्यांच्या नकळत वाचीत. मुलीचे चरित्र फ्रान्सिस्को दे रिबेरा या येशूसंघीय धर्मगुरूंनी १५९० साली प्रसिद्ध केले. ते सांगतात की, या मुलीने आपला भाऊ रोद्रिगो याच्या साहाय्याने काही महिन्यांत तशीच एक वीरकथा स्वतः लिहून काढली होती. ती मुलगी म्हणजे आविलाची संत तेरेजा. पुढे १९७० साली ख्रिस्तसभेने तिला आचार्यपद बहाल केले. तो मान मिळालेली ती पहिली स्त्री. तिची ती बालपणीची वही आज उपलब्ध नाही.

येथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगितली पाहिजे. संत तेरेजेने आत्मचरित्रात या वाचनाचे कौतुक केलेले नाही. त्यात आपला वेळ गेला, मन थंडावले, अशी खंत तिने व्यक्त केली आहे. ती खंत बाजूला सारण्याचा अधिकार आपल्याला नाही. परंतु १५७७ साली, बासष्टाव्या वर्षी, आत्म्याचे वर्णन करण्यासाठी तिने जी प्रतिमा योजली ती स्फटिकाच्या किल्ल्याची होती. त्या किल्ल्यात सात निवासस्थाने आहेत, दाराशी विषारी जीव आहेत आणि अगदी आत राजा वाट पाहत आहे. बालपणी वाचलेले किल्ले वाया गेले नव्हते. देवाने त्यांचा उपयोग करून घेतला, असे म्हणण्यास जागा आहे.

संत इग्नाती लोयोलांची कथा वाचकांना परिचित आहे. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत पाय जायबंदी झाल्यावर त्यांनी वाचावयास वीरकथाच मागितल्या होत्या. घरात त्या नव्हत्या. मिळाले ते ख्रिस्तचरित्र आणि संतांची चरित्रे. पण पुढच्याच वर्षी मोन्सेराटच्या मंदिरात मातेच्या वेदीपुढे रात्रभर जागून त्यांनी शस्त्रे अर्पण केली, तेव्हा मनात आमादिससारख्या वीरांचा आदर्श घोळत होता, असे त्यांनीच आत्मकथनात नमूद करून ठेवले आहे. कादंबरीतील प्रसंग त्यांनी आपल्या आयुष्याने पुढे लिहिला, एवढेच.

ही झाली दूरदेशीची हकीकत. आपल्या कोकणगोव्याच्या भूमीतही कथेची हीच भूक दिसते. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’चा जन्म एका श्रोत्याच्या मागणीतून झाला, असे त्या ग्रंथाच्या आरंभीच सांगितले आहे. साष्टीत धर्मशिक्षणाच्या वेळी एका नवख्रिस्ती ब्राह्मणाने पाद्रींना विनवले की, प्रश्नोत्तरे ठीक आहेत, पण पूर्वी आम्ही पुराणे ऐकत होतो, तसे आमच्यासाठीही काही असावे. १६१६ साली रायतूर येथे छापलेल्या या पुराणात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. पुढे १६८४ साली पोर्तुगीज शासनाने देशी भाषेच्या वापरावर बंदी घातली आणि छापील प्रती नाहीशा झाल्या. ग्रंथ मात्र जगला, तो भाविकांनी घरोघर केलेल्या हस्तलिखित प्रतींमुळे. १९०७ सालची मंगळूरची आवृत्ती अशा हस्तलिखितांवरूनच सिद्ध झाली. क्रिस्तपुराण ही काही कल्पित कादंबरी नव्हे. त्याचा विषय तारणाचा आहे. परंतु एखादा ग्रंथ केवळ छापखान्याच्या बळावर टिकत नाही, तो हाताने उतरून घेणाऱ्या प्रेमामुळे टिकतो, हे त्याने आपल्याला दाखवून दिले.

मराठी कादंबरीची पहाट आणि अद्भुताचा ओढा हे जवळजवळ एकाच काळातले. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली आली. विधवांच्या दुःखाचे वास्तव चित्र तिने रेखाटले. पण लोकांच्या मनाने घेतल्या त्या निराळ्याच कथा. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ साली निघाली. त्याच दशकात रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ आली आणि अद्भुतरम्य कादंबऱ्यांची रीघ लागली. ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी मराठीत आणावयास घेतल्या. ते काम पुढे चालविण्यात त्यांचे पुत्र विष्णुशास्त्री आणि हरि कृष्ण दामले यांचा हात होता. एकाने सांगितलेली गोष्ट दुसऱ्याने पुढे न्यावी, हा त्या शहराजादीच्या कथांचा धर्मच. भाषांतरातही तो पाळला गेला. नाथमाधवांच्या ‘वीरधवल’ने १९१३ पासून पुढच्या कितीतरी पिढ्यांना जागविले.

ही पुस्तके घराघरांत विकत घेतली जात असे नव्हे. ती फिरत्या वाचनालयांतून येत, अनेक हातांतून जाऊन खिळखिळी होत. ज्यांनी अशी पुस्तके वाचली त्यांना आठवत असेल की, बऱ्याचदा शेवटची चार पानेच गळालेली असत. मग शेवट काय झाला असेल, यावर घरात आणि शाळेत वाद रंगत. ज्याचा शेवट सर्वांना पटे तो त्या आठवड्याचा लेखक! आजची मुले ज्या उपपत्ती मांडतात त्या याच जातीच्या.

अशा सांगोवांगीतून केवढी निर्मिती होऊ शकते, याचे अलीकडचे उदाहरण नारायण धारपांचे आहे. १९२५ साली जन्मलेल्या आणि २००८ साली दिवंगत झालेल्या या लेखकाने मराठीत भयकथा व गूढकथांचे एक स्वतंत्र दालन उभे केले. त्यांचे ‘समर्थ’ हे पात्र तर वाचकांच्या घरचेच झाले. धारप स्वतः चोखंदळ वाचक होते. अमेरिकन लेखक स्टीफन किंग यांच्या एका कथेचा आधार घेऊन त्यांनी ‘आजी’ ही कथा लिहिली. १९९३ साली नागझिऱ्याच्या अरण्यात एका मित्राने ती कथा राही अनिल बर्वे या मुलाला रात्री घाबरविण्यासाठी सांगितली. कथा त्याच्या मनात घर करून राहिली. त्याने तिला आपल्या कल्पनेतील वाडा दिला, लोभी कुलदैवत दिले, पिढ्यान्‌पिढ्यांची हाव दिली, श्री. ना. पेंडश्यांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीतून गावाचे नाव घेतले. पहिला आराखडा त्याने १९९७ साली लिहिला आणि २०१८ साली ‘तुंबाड’ हा चित्रपट पडद्यावर आला. अमेरिकेतील एक कथा, पुण्यातील एक लेखक, जंगलात गोष्ट सांगणारा एक मित्र आणि ती पंचवीस वर्षे सांभाळणारा एक श्रोता, अशी ही साखळी आहे. यातील मित्राने कागदाला हातही लावला नाही, तरी तो नसता तर साखळी तुटली असती. आणि या साऱ्यातून जे उभे राहिले ते लोभाच्या पापावरचे एक धारदार प्रवचनच म्हणावे लागेल.

वाचकाला लेखक होण्यासाठी कुणीतरी दार उघडे ठेवावे लागते. मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा सुरू करून ते ठेवले. १९७४ साली या स्पर्धेत नारायण विनायक जगताप या अनोळखी गृहस्थांच्या ‘कृष्णविवर’ कथेला पहिले पारितोषिक मिळाले. हे जगताप म्हणजे डॉ. जयंत विष्णु नारळीकर. नावाची आद्याक्षरे त्यांनी उलटी केली होती. जगद्विख्यात शास्त्रज्ञालाही सामान्य स्पर्धकांच्या रांगेत उभे राहून गोष्ट सांगावीशी वाटली, यात त्या दाराचे महत्त्व आले.

आता ज्या टॉल्किनपासून आमच्या मुलांनी सुरुवात केली त्यांच्याकडे वळू. ते निष्ठावंत कॅथलिक होते. बारा वर्षांचे असताना आई वारली; तेव्हा बर्मिंगहॅमच्या ओरेटरीतील फादर फ्रान्सिस मॉर्गन यांनी त्यांचे पालकत्व सांभाळले. परीकथांविषयी १९३९ साली दिलेल्या व्याख्यानात त्यांनी एक मोलाचा विचार मांडला. मनुष्य देवाच्या प्रतिरूपात घडलेला आहे. निर्मात्याचे प्रतिरूप असल्यामुळे तोही निर्मिती करतो. मात्र ती शून्यातून नव्हे, तर देवाने दिलेल्या साहित्यातून केलेली उपनिर्मिती असते. पुढे एका पत्रात त्यांनी असेही लिहिले की, आपल्या कथाचक्रातील काही भाग केवळ रेखाटून सोडावे आणि चित्र, संगीत, नाट्य जाणणाऱ्या इतर हातांनी ते भरावे, अशी एके काळी आपली आकांक्षा होती. टॉम बॉम्बडिल हे पात्र तर त्यांनी मुद्दामच कोडे म्हणून ठेवले. वाचक अजून ते सोडवीत आहेत! पण १९६६ साली एका तरुणाने ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ची उत्तरकथा लिहिण्याचा मनोदय कळविला, तेव्हा हेच टॉल्किन संतापले. लेखकाच्या मनातील हा पेच समजण्यासारखा आहे. लेकराला दुसऱ्याने जेवू घातलेले चालते. त्याने पळवून नेलेले चालत नाही.

म्हणून मर्यादेचा विचार आवश्यक ठरतो. सेर्व्हान्टेस यांच्या ‘डॉन किहोटे’चा पहिला भाग १६०५ साली गाजला आणि १६१४ साली कुणा आवेल्यानेदा नावाआड लपलेल्या इसमाने दुसरा भाग परस्पर छापून मूळ लेखकाची टवाळीही केली. सेर्व्हान्टेस यांनी १६१५ साली खरा दुसरा भाग लिहून त्याला उत्तर दिले. ती उत्तरकथा प्रेमातून जन्मलेली नव्हती. तिला ऋण मान्य नव्हते.

ख्रिस्तसभेला या मर्यादेचा दीर्घ अनुभव आहे. मत्तयच्या शुभवर्तमानात पूर्वेकडील ज्ञानी लोकांची संख्या दिलेली नाही आणि नावेही नाहीत. तीन भेटींवरून भाविकांनी ते तिघे मानले; कास्पर, मेल्खिओर आणि बाल्थाझार ही नावे कालांतराने रूढ झाली. ख्रिस्तसभेने नाताळच्या गोठ्यातून त्या तिघांना हाकलले नाही. त्यांची नावे शास्त्रात मात्र घातली नाहीत. भाविकांच्या प्रेमाला अंगण दिले आणि गाभारा वेगळा राखला. देवाचे वचन आणि माणसाची कादंबरी यांची तुलना मी करीत नाही. मूळ कोणते आणि भर कोणती, हे ओळखण्याची शिस्त मात्र दोन्हीकडे उपयोगी पडते.

तेव्हा विचारणाऱ्या पालकांना माझे सांगणे एवढेच आहे. मंत्रतंत्रांचे आचरण निराळे आणि कथेतील जादू निराळी. पहिल्यापासून मुलांना दूर ठेवणे आपले कर्तव्य आहे, दुसरीची धास्ती घेण्याचे कारण नाही. अभ्यासाची आणि प्रार्थनेची वेळ पाळली जात नसेल तर जरूर कान धरावा. संत तेरेजेची खंत तीच होती. पण ती वही रद्दीत टाकू नये. मुलाला जवळ बसवून विचारावे, ‘यातले मूळ लेखकाचे किती आणि तुझे किती?’ या एका प्रश्नाने तो ऋण मानावयास शिकेल आणि आपले स्वतःचे काय आहे हेही त्याला कळू लागेल. मग त्याने लिहिलेले एखादे प्रकरण त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्यावे. आपल्या समाजाला उद्या लेखक हवे असतील तर ते आजच्या अशाच वह्यांतून यायचे आहेत.