कॉल ड्रॉप : गिरगाव ते परळ

मोबाइलवर सुरू झालेले संभाषण दोघांपैकी कोणीही फोन न ठेवता तुटले, तर त्याला कॉल ड्रॉप म्हणतात. लागलेल्या दर शंभर कॉलपैकी असे किती तुटले, त्या टक्केवारीवरून कंपन्यांची तुलना केली जाते. भारतात तिचे निकष भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, ठरवते. 2009 च्या नियमांनुसार ही मर्यादा 2 टक्के होती. मुंबईतल्या मोठ्या कंपन्या कागदावर बहुधा या मर्यादेच्या आत असतात. तरीही गिरगावातल्या चाळीत फोन वाजला की माणूस खोलीतून उठून गॅलरीत येतो. कागद आणि गॅलरी यांच्यातले हे अंतर कुठून येते, हाच या विषयाचा गाभा आहे.

मुंबई हे दूरसंचाराच्या दृष्टीने महाराष्ट्रापासून वेगळे परवाना क्षेत्र आहे. त्यात ठाणे, कल्याण आणि नवी मुंबईही मोडते. येथे मोबाइल सेवा 1995 मध्ये सुरू झाली. पहिल्या दोन कंपन्या बीपीएल मोबाइल आणि मॅक्सटच. मॅक्सटचचे पुढे ऑरेंज, मग हच, 2007 मध्ये व्होडाफोन आणि आयडियाशी विलीन झाल्यावर 2020 मध्ये ‘व्ही’ झाले. बीपीएलची ‘लूप’ झाली, तिचा परवाना नोव्हेंबर 2014 मध्ये संपला आणि ती बंद पडली. 2001 मध्ये एमटीएनएलने ‘डॉल्फिन’ आणली, त्यानंतर एअरटेल आली आणि सप्टेंबर 2016 मध्ये जिओ.

लूपचे जाणे दक्षिण मुंबईसाठी महत्त्वाचे ठरले, कारण तिच्याकडे 900 मेगाहर्ट्झच्या लहरी होत्या. कमी वारंवारतेच्या लहरी दूरवर जातात आणि जाड भिंतींतून आतपर्यंत पोहोचतात. 1800 किंवा 2300 मेगाहर्ट्झच्या लहरी त्या मानाने भिंतीतच जास्त विरतात. फेब्रुवारी 2014 च्या लिलावात मुंबईतल्या 900 च्या लहरी व्होडाफोन आणि एअरटेलने घेतल्या. जिओकडे 850 च्या आणि 2022 च्या लिलावानंतर 700 च्याही लहरी आल्या. घरात आतल्या खोलीत कॉल टिकेल का, हे बऱ्याच अंशी अशा कमी वारंवारतेच्या लहरी कोणाकडे किती आहेत आणि जवळचा अँटेना कुठे आहे यावर ठरते.

मोजणीतली मोठी अडचण मात्र वेगळी आहे. टूजी यंत्रणेत संभाषण चालू असताना साधारण दर अर्ध्या सेकंदाला एक नियंत्रण-संदेश येतो. तो हरवला की एका मोजकातून 1 वजा होतो, मिळाला की 2 जमा होतात. मोजक शून्यावर आला की कॉल तोडला जातो. या मोजकाची कमाल किंमत 4 ते 64 यांच्या दरम्यान कंपनी स्वतः ठरवते. ती 64 ठेवली, तर संपर्क पूर्ण गेल्यावरही कॉल जवळपास अर्धा मिनिट ‘चालू’ राहतो. पलीकडून आवाज नाही, इकडे ‘हॅलो, हॅलो’ चालले आहे, शेवटी माणूस वैतागून स्वतःच फोन ठेवतो. नोंद होते ती ग्राहकाने कॉल संपवल्याची. तुटलेल्या कॉलच्या टक्केवारीत तो येतच नाही. 2016 मध्ये, कंपन्या या सोयीचा वापर आकडे चांगले दिसण्यासाठी करतात असा संशय जाहीरपणे घेतला गेला आणि कंपन्यांनी तो नाकारला. हेतू काहीही असो, मुका कॉल हा तुटलेलाच कॉल मानायला हवा. फोरजीवर आवाज डेटाच्या पाकिटांतून जातो, पाकिटे हरवली की असेच मौन पसरते. ट्रायच्या रस्त्यावरच्या चाचण्यांत आता मौनाचे प्रमाण आणि आवाजाचा दर्जा वेगळा नोंदवला जातो. दोन कंपन्यांची तुलना करताना हे दोन रकाने आधी पाहावेत.

दुसरी अडचण सरासरीची. ऑक्टोबर 2017 पासून ट्रायने निकष बदलला : 90 टक्के सेल, म्हणजे एकेका अँटेनाची क्षेत्रे, 90 टक्के दिवस 2 टक्क्यांच्या आत असावेत, आणि 97 टक्के सेलमधले प्रमाण 3 टक्क्यांच्या आत, असे ठरले. ही सुधारणा मोलाची होती, कारण त्याआधी कल्याणचा चांगला सेल गिरगावच्या वाईट सेलला सांभाळून घेत असे. पण उरलेले 10 टक्के सेल कोणते, हे त्या एका आकड्यातून कळत नाही. ते सगळे गिरगावातल्या चिराबाजार आणि फणसवाडीच्या गल्ल्यांत असले, तरी कंपनी उत्तीर्णच.

गिरगाव ते परळ या भागाची बांधणीच अशी आहे की लहरींची परीक्षा व्हावी. गिरगावात अरुंद गल्ल्या, एकमेकींना चिकटलेल्या चाळी, उतरती कौले. जुन्या इमारतींवर जड अँटेना बसवायचा तर आधी बांधकामाच्या मजबुतीचा दाखला हवा. इमारत पुनर्विकासाला गेली की गच्चीवरचा अँटेनाही जातो आणि शेजारच्या गल्लीत अचानक रेंज उरत नाही. परळ-लालबागला प्रश्न उलटा आहे. गिरण्यांच्या जमिनींवर उभ्या राहिलेल्या टॉवरांतल्या चाळिसाव्या मजल्यावर एकाच वेळी अनेक दूरचे अँटेना दिसतात, त्यातला कोणताही पुरेसा वरचढ नसतो. फोन एकाकडून दुसऱ्याकडे उड्या मारतो आणि त्या उडीत कॉल सुटतो. खाली, त्याच टॉवरच्या सावलीतल्या बैठ्या चाळीला मात्र काँक्रीट आडवे येते. एकाच पत्त्यावर दोन शेजाऱ्यांची तक्रार दोन कारणांची असते.

अँटेना वाढवायला विरोधही याच पट्ट्यात जोरदार झाला. मलबार हिलवर सह्याद्री अतिथिगृहाच्या गच्चीवरील अँटेनांविरुद्ध अभिनेत्री जुही चावला यांनी आवाज उठवला आणि त्या चळवळीची देशभर चर्चा झाली. सप्टेंबर 2012 पासून भारताने अँटेनांतून निघणाऱ्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक-दशांश केली. लोकांची आरोग्याविषयीची भीती खोडून काढण्याजोगे माहितीचे काम कंपन्यांनी वेळेवर केले नाही, हे नोंदवायला हवे. एक अँटेना उतरवला की उरलेल्यांवरचा भार वाढतो.

गणपतीत लालबाग आणि गिरगाव चौपाटीला जे घडते, ते मात्र कॉल ड्रॉपपेक्षा वेगळे. तेथे गर्दीमुळे कॉल मुळात लागतच नाही. हा ‘कॉल लागण्याचा’ निकष आहे आणि त्याची टक्केवारी स्वतंत्र असते. अशा दिवसांत कंपन्या चाकांवरचे फिरते टॉवर उभे करतात.

दादर ते गिरगाव या मार्गावर आता तिसरा प्रकार जन्माला आला आहे. भुयारी ‘मेट्रो-3’ मार्गिका ऑक्टोबर 2025 मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली, तेव्हा प्रवाशांना जमिनीखाली नेटवर्क मिळेना. मेट्रो प्रशासनाने आतली यंत्रणा उभारण्याचे काम त्रयस्थ कंपनीला दिले होते. तिचे भाडे जास्त आहे आणि आम्हाला आमची यंत्रणा बसवू द्यावी, असे मोबाइल कंपन्यांच्या संघटनेचे म्हणणे होते. दोन्ही बाजूंचे युक्तिवाद असतील, पण कोट्यवधी रुपयांची मार्गिका उघडण्यापूर्वी हा वाद मिटवणे दोघांचेही कर्तव्य होते. भुयारात आजारी प्रवाशाला मदतीचा फोन लावता येणे ही चैन नाही.

भरपाईचा प्रयत्नही झाला. ट्रायने ऑक्टोबर 2015 मध्ये नियम केला : 1 जानेवारी 2016 पासून तुटलेल्या कॉलमागे ग्राहकाला 1 रुपया, दिवसाला जास्तीत जास्त 3 कॉलपर्यंत. 11 मे 2016 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो मनमानी ठरवून रद्द केला. कॉल ग्राहकाच्या बाजूनेही तुटू शकतो आणि दोष कोणाचा हे न पाहता कंपनीवर भुर्दंड टाकणे न्याय्य नाही, हा त्यातला एक मुद्दा होता. 2024 च्या नव्या नियमांत कंपन्यांना दंड आहे, जिल्हा पातळीवर सेवा 24 तासांहून अधिक बंद पडल्यास ग्राहकाला सवलत आहे. एकेका तुटलेल्या कॉलची भरपाई मात्र परत आलेली नाही. त्याच नियमांमुळे कंपन्यांना आपल्या नेटवर्कचे नकाशे संकेतस्थळावर ठेवावे लागतात.

हे नकाशे रस्त्यावरची रेंज दाखवतात, आतल्या खोलीतली नाही. म्हणून कंपनी बदलण्याआधी त्याच इमारतीत, त्याच मजल्यावर, त्याच बाजूला राहणाऱ्या शेजाऱ्याला विचारणे हीच भरवशाची तुलना. ब्रॉडबँड असलेल्या घरात वाय-फाय कॉलिंग चालू केले तर भिंतीचा प्रश्न बऱ्यापैकी सुटतो. एअरटेलने ही सोय डिसेंबर 2019 मध्ये आणि जिओने जानेवारी 2020 मध्ये आणली. तरीही कॉल तुटतच राहिले, तर नंबर कायम ठेवून कंपनी बदलता येते. ‘PORT’ आणि पुढे आपला नंबर लिहून 1900 वर संदेश पाठवावा. सध्याच्या कंपनीत 90 दिवस पूर्ण झालेले असावे लागतात, आणि मुंबई क्षेत्राच्या आत हा बदल 3 कामकाजाच्या दिवसांत होतो.